नोंद नाही, की सापडली नाही?

कराडच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. थोरली मुलगी नववीत आहे. दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरायच्या आधी शाळेच्या रजिस्टरातली नावाची चूक दुरुस्त करायची, म्हणून शाळेनं जन्मदाखला मागितला. दाखला घरात नाही. बाई कराड नगरपालिकेत गेल्या. तिथं त्या वर्षाची नोंदवही पाहिली, पुढचं-मागचं वर्षही पाहिलं, नोंद निघाली नाही. दारात एक एजंट भेटला. म्हणाला, तहसीलमधून आदेश आणून देतो, आठ हजार रुपये पडतील. "चाचा, देऊ का?" एवढंच पत्रात विचारलं आहे. खाली फोन नंबर होता.

मी फोन लावला. पहिला प्रश्न विचारला, बाळंतपण कुठं झालं?

"माहेरी, मिरजेला. पहिलं बाळंतपण माहेरीच असतं ना चाचा!"

मग कराडच्या वहीत ती नोंद कशी निघणार? कराडच्या कारकुनाचं काहीच चुकलं नाही. त्यानं जे सांगितलं ते खरं होतं. पण "इथं नोंद नाही" याचा अर्थ घरी येईपर्यंत "मुलीची नोंदच नाही" असा झाला, आणि त्या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत एजंट उभा होता.

माझी नोकरीची एकतीस वर्षं नगरपालिकेत गेली, त्यातली अकरा जन्म-मृत्यू विभागात. त्या अकरा वर्षांत आपल्या लोकांचे जे हेलपाटे पाहिले, त्यातले निम्म्याहून जास्त या एकाच गैरसमजाचे होते. म्हणून या महिन्यात घरपट्टी, नळजोड, बाजारओट्यांचे लिलाव बाजूला ठेवतो आणि या एकाच वहीबद्दल लिहितो.

जन्म जिथं होतो, तिथल्या वहीत नोंद होते. आई-वडील कुठं राहतात, रेशनकार्ड कुठलं आहे, मूल पुढं कुठं वाढलं, याचा काही संबंध नाही. आणि आपल्या सातारा-सांगली भागात जन्म गावाबाहेर होण्याचं प्रमाण भरपूर. त्याचं एक कारण माहेर, दुसरं मिरज. वानलेस डॉक्टरांनी १८९४ साली मिरजेत मिशन हॉस्पिटल उभारलं तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचं गाव आहे. कोल्हापूर, सोलापूर, बेळगाव, विजापूर, सगळीकडची माणसं तिथं येतात. अडलेली बाळंतीण म्हटलं की गाडी मिरजेकडं वळायची. त्यामुळं कवठेमहांकाळच्या, जतच्या, अथणीच्याही किती तरी लोकांचा जन्म मिरजेच्या वहीत आहे आणि त्यांना स्वतःला ते माहीत नाही.

त्यात आणखी एक गाठ. सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका झाली ९ फेब्रुवारी १९९८ ला. त्याआधी मिरजेची नगरपालिका वेगळी, सांगलीची वेगळी. तुमचा जन्म १९८५ चा असेल तर महापालिकेत जाऊन नुसतं "सांगलीची वही दाखवा" म्हणू नका. "मिरज नगरपालिकेच्या काळातली वही" असं सांगा. कराडच्या बाबतीतही हेच. महामार्गाच्या बाजूची मोठी हॉस्पिटलं लोकांच्या तोंडी कराडची, पण त्यातली काही मलकापूरच्या हद्दीत. मलकापूर आधी ग्रामपंचायत होतं, मग नगरपंचायत झालं, आता नगरपरिषद आहे. म्हणजे "माझा जन्म कराडचा" असं आयुष्यभर म्हणणाऱ्याची नोंद मलकापूरच्या जुन्या ग्रामपंचायतीच्या दप्तरात निघू शकते. साताऱ्याची हद्दवाढ २०२० साली झाली आणि शाहूपुरी शहरात आली. त्याआधी शाहूपुरीत घरी झालेला जन्म सातारा नगरपालिकेच्या वहीत शोधून मिळणार नाही. आणि इस्लामपूरचं नाव २०२५ मध्ये ईश्वरपूर झालं. तिथल्या वाचकांनी मला तीन-तीनदा विचारलं आहे. गावाचं नाव बदललं म्हणून जुना दाखला बाद होत नाही. एकाच घरात थोरल्याच्या दाखल्यावर एक नाव आणि धाकट्याच्या दाखल्यावर दुसरं असणार, त्याला इलाज नाही. गावाच्या नावात बदल झाल्याची सरकारी अधिसूचना आहे, कुणी विचारलं तर ती दाखवायची. जन्म आठ-दहा वर्षांपूर्वीचा असला तर केवळ त्यासाठी धावपळ करू नका.

आता वही योग्य गावची मिळाली असं समजू. तरीही नोंद सापडत नाही, हे अगदी रोजचं. कारण शोधणारा मुलाचं नाव शोधतो आणि वहीत मुलाचं नावच नसतं.

बाळ जन्मलं की हॉस्पिटलमधून नगरपालिकेला फॉर्म जातो. तो एक-दोन दिवसांत भरला जातो. आपल्याकडं नाव ठेवायचं सातव्या दिवशी, अकीक्याच्या वेळी, आणि पाहुणे जमायचे नसतील तर कधी त्याहून उशिरा. तोवर फॉर्म जाऊन पडलेला असतो. त्यावर फक्त "मुलगा" किंवा "मुलगी". नावाचा रकाना कोरा. नंतर नाव घालायला जायचं असतं, हे बाळंतिणीच्या घरात कुणाच्या लक्षात राहत नाही. शेजारच्या हिंदू घरांतही बाराव्या दिवशी बारसं होतं, त्यांचीही हीच गत होते. पण आपल्याकडं त्यात वडिलांच्या नावाची भर पडते. हॉस्पिटलच्या खिडकीवर मामू गेलेला असतो. "बापाचं नाव काय?" "राजू." झालं! घरात ज्याला राजू म्हणतात तो कागदोपत्री रियाजअहमद. वहीत आयुष्यभर राजू. दस्तगीरचा दस्तू, मेहबूबचा बाबू, फातिमाबीची फत्तू, खैरुन्निसाची खैरून. आडनावाच्या जागी कधी धंदा, कधी गाव, कधी नुसतं "मुसलमान". आतार आणि अत्तार, मुलाणी आणि मुल्लाणी, नदाफ आणि नदाप. संगणकावर एक अक्षर बदललं की "नो रेकॉर्ड" येतं आणि कारकून पुढच्या माणसाकडं बघतो.

म्हणून शोधताना तीन गोष्टी घेऊन जा : आईचं नाव (सासरचं आणि माहेरचं, दोन्ही), वडिलांना त्या काळी ज्या ज्या नावांनी हाक मारत ती सगळी नावं, आणि जन्माची खरी तारीख. शाळेच्या दाखल्यावरची तारीख नव्हे, खरी.

खरी तारीख! इथंच सगळं अडतं. आमच्या पिढीत अर्ध्या वर्गाचा वाढदिवस १ जूनला असायचा. शाळा जूनमध्ये सुरू, पोराला सहावं लागलेलं दिसलं पाहिजे, गुरुजींनी लिहून टाकलं : एक सहा अमुक. त्या तारखेवर लोक नोकऱ्या करून निवृत्तही झाले. पण त्या तारखेला धरून जन्माची वही उघडली तर काय मिळणार?

माझ्या खालेच्या मुलीचं सांगतो. तिचं गाव पाटणच्या बाजूला, डोंगरात. हजला जायचं ठरलं, पासपोर्टला जन्माचा पुरावा हवा. दुसरीपर्यंत शिकलेली, शाळेतली तारीख १ जून १९६७. तालुक्याच्या एका कचेरीत गावची जुनी नोंदवही होती, तिथं तिच्या मुलानं दोन फेऱ्या मारल्या. मे, जून, जुलै १९६७ पाहून झालं. नाही. मग त्यानं मला गाठलं. मी त्याच्या आईला विचारलं, तुझी अम्मी तुझ्या जन्माबद्दल काय सांगायची?

"अम्मी म्हणायची, सहेरीला भूकंप झाला, त्याच्या नंतरच्या जुम्याला तू झालीस. आम्ही अंगणात झोपत होतो."

एवढं पुरे होतं. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांचा. त्या वर्षी रमजान डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाला होता. म्हणजे ती वेळ बरोबर सहेरीची. खालेसारखी किती घरं त्या वेळी जागी होती म्हणून दारातून बाहेर पडू शकली, हे आमच्याकडं अजून सांगतात. ११ तारीख सोमवार, त्यानंतरचा जुमा १५ डिसेंबर. मी त्या पोराला म्हटलं, डिसेंबर १९६७ आणि जानेवारी १९६८ ची पानं उघडायला सांग. नोंद जानेवारीच्या पानावर निघाली, कारण गावातून वर्दी उशिरा आली होती. बापाचं नाव "दस्तू", पुढं "मुसलमान", मुलाच्या नावाच्या जागी "मुलगी". पत्र्याच्या आणि पोत्याच्या आडोशाखाली माणसं राहत असताना कुणीतरी त्या पोरीचा जन्म वहीत लिहून ठेवला होता, याचंच मला जास्त नवल वाटलं.

तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. सन त्यांना सांगता येणार नाही, पण पानशेत फुटलं (१२ जुलै १९६१), बाहत्तरचा दुष्काळ, इंदिरा गांधी गेल्या (३१ ऑक्टोबर १९८४), मिरजेत मीरासाहेबांचा उरूस होता, बकरी ईदच्या आदल्या दिवशी, असं काहीतरी त्या नक्की सांगतील. हिजरी महिना कळला की त्या सालाची तारीख काढता येते; चंद्राच्या हिशेबात वर्षाला दहा-अकरा दिवस मागं सरकतात, एवढं लक्षात ठेवायचं. एक-दोन दिवसांचा फरक पडतो, म्हणून आजूबाजूची पानंही बघायची. आणि नोंद जन्माच्या दिवशीच होते असं समजू नका. वर्दी ज्या दिवशी पोचली त्या क्रमानं वही चालते.

खेड्यातल्या जुन्या नोंदी ग्रामपंचायतीत नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात विचारा. लोक त्यांना "कोतवाल बुक" म्हणतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली तेव्हा याच वह्या कपाटांतून बाहेर आल्या, त्यांतल्या पुष्कळ मोडी लिपीत. आपल्यातल्या तांबोळी, बागवान, आतार, नदाफ-पिंजारी, मणियार, मोमीन, मुलाणी अशा समाजांच्या लोकांना या वह्यांचा दुसराही उपयोग आहे. हे समाज राज्याच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत, आणि जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. माझ्या मावसबहिणीची नोंद त्या तारखेच्या दोन महिने पुढची, त्यामुळं तिच्या पोरांना जातीसाठी ती चालली नाही. त्यांच्या आजोबांची शोधावी लागतेय. ते काम अजून चालू आहे.

हे सगळं आत्ता सांगायचं कारण आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, आधार, मतदारयादी, वाहन परवाना, पासपोर्ट, लग्ननोंदणी, सरकारी नोकरी, या सगळ्याला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार. शाळेचा दाखला त्यांच्या बाबतीत चालणार नाही. त्याआधी जन्मलेल्यांना दुसरे पुरावे अजून चालतात. तेव्हा चाळिशीच्या माणसानं मोबाईलवरचा निरोप वाचून घाबरायचं कारण नाही. पण बिहारमध्ये २०२५ साली मतदारयाद्यांची विशेष फेरतपासणी झाली तेव्हा मागितलेल्या अकरा कागदांत जन्मदाखला होता, हेही खरं आहे. कागद शोधायचा तर गरज पडायच्या आधी शोधावा, रांगेत उभं राहून नव्हे.

मुदती अशा आहेत. जन्म असो वा मृत्यू, २१ दिवसांत वर्दी दिली तर काही पैसे नाहीत. तीस दिवसांपर्यंत थोडा विलंब आकार. तीस दिवसांच्या पुढं एक वर्षापर्यंत जिल्हा निबंधकांची परवानगी. आणि एक वर्ष उलटलं की जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो.

या शेवटच्या प्रकारावर सध्या सगळा गोंधळ आहे. मालेगाव आणि इतर काही ठिकाणी अशा उशिराच्या दाखल्यांवरून आरोप झाले, चौकशीसाठी पथक नेमलं गेलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्यानं असे दाखले देणं थांबवलं. मार्चमध्ये नवी कार्यपद्धती आली. आता अर्जासोबत भक्कम पुरावे लागतात, जाहीर प्रगटन निघतं, पोलिसांचा अहवाल मागवतात, आणि माहिती खोटी निघाली तर गुन्हा दाखल होतो. नुसतं आधार कार्ड पुढं करून घेतलेले दाखले रद्द करायचे आदेशही महसूल विभागानं काढले. आता आठ हजारांचा एजंट काय करणार होता ते बघा. ज्या मुलीची नोंद मिरजेच्या वहीत व्यवस्थित पडून आहे, तिच्यासाठी तो "नोंद नाही" म्हणून दुसऱ्या गावात दुसरी नोंद करायला निघाला होता. एका मुलीच्या दोन नोंदी, त्यातली एक खोटी, आणि त्या खोट्या अर्जावर सही आईची! उद्या तपासणीत निघालं तर एजंट कुठं असेल?

म्हणून पुन्हा सांगतो, आधी शोध. पैसे भरून वहीत शोध घ्यायला लावण्याचा आणि उतारा मागण्याचा हक्क कायद्यानं आपल्याला आहे. सगळ्या शक्य गावांच्या, सगळ्या शक्य वर्षांच्या वह्या पाहून झाल्या आणि खरोखर काही निघालं नाही, तरच "नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला" लेखी घ्यायचा आणि तहसीलची पायरी चढायची. तोंडी "नाही" वर परत येऊ नका. अर्ज लिहून द्या, पोच घ्या. राज्यात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. कुठला दाखला किती दिवसांत द्यायचा आणि नाही दिला तर अपील कुणाकडं करायचं, याचा फलक कार्यालयात लावावा लागतो. तो बहुतेक ठिकाणी कपाटामागं गेलेला असतो. विचारला की निघतो.

नोंद आहे पण नाव कोरं आहे, तर काम अगदी सोपं. जन्मापासून वर्षाच्या आत नाव घातलं तर फुकट, पुढं पंधरा वर्षांपर्यंत थोडा आकार. पंधरा वर्षं उलटून गेलेल्यांसाठी सरकारनं वेळोवेळी मुदतवाढ दिली आहे. सध्याची मुदत कार्यालयात विचारून घ्या. मात्र नाव घालताना घाई करू नका. एकदा घातलं की हौसेनं बदलता येत नाही. मोहम्मद, महंमद, मुहम्मद, मोहंमद : चारही बरोबर, पण घराण्याचं एकच ठरवा. बापाच्या आधारवर "महंमद" आणि पोराच्या दाखल्यावर "मोहम्मद" असेल तर पोराच्या पुढच्या प्रत्येक कागदावर बापाचं नाव अडणार. इंग्रजी स्पेलिंग तर कागदावर लिहून घेऊन जा, कारकुनाच्या कानावर सोडू नका. तोही माणूस आहे. सकाळपासून पन्नास नावं ऐकून झालेली असतात. मीच एकदा "आयेशा"ची "आशा" करून ठेवली होती. तिच्या आजीनं मला भर बाजारात ऐकवलं.

लिहिण्यातली चूक असेल, राजूचा रियाजअहमद करायचा असेल, तर त्याच निबंधकाकडं दुरुस्तीचा अर्ज. सोबत आई-वडिलांचे त्या काळातले कागद : निकाहनामा, शाळेचे दाखले, रेशनकार्ड, हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड. हे डिस्चार्ज कार्ड बायका बाळाच्या पहिल्या टोपीबरोबर ट्रंकेत ठेवतात, आणि ते फार कामाला येतं. कृष्णेकाठच्या लोकांनी २०१९ च्या महापुरात अशा ट्रंकाच गमावल्या. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. घरचा दाखला वाहून गेला तरी नोंद जात नाही, नवी प्रत मिळते. फक्त नोंदणी क्रमांक आणि तारीख कुठंतरी लिहून ठेवलेली असली की काम एका फेरीत होतं. मी तर म्हणतो, घरातल्या प्रत्येकाचा तो क्रमांक एका कागदावर लिहा आणि त्याचा फोटो दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडं पाठवून ठेवा.

आता मृत्यूची वही. तिच्याबद्दल घरात कुणी बोलत नाही, पण त्रास होतो तो बहुतेक बाईमाणसाला.

आपल्याकडं मयत घरात जास्त वेळ ठेवत नाहीत. सकाळी गेला, दुपारी जोहरनंतर जनाजा. हॉस्पिटलात मृत्यू झाला तर कागद तिथूनच निघतो. घरी झाला तर ज्या डॉक्टरांचं औषध चालू होतं त्यांच्याकडून मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र घ्यायचं असतं. त्या गडबडीत ते कुणाला सुचत नाही. मग विधवा इद्दतीत बसते, चार महिने दहा दिवस. वर्दीची मुदत २१ दिवसांची. म्हणजे जिला त्या दाखल्याची सगळ्यात जास्त गरज, ती मुदत संपेपर्यंत घराबाहेर पडत नाही, आणि दीर-भाऊ आपापल्या कामाला लागलेले. वर्दी तिनंच द्यावी असं कुठं आहे? घरातला कुणीही वडीलधारा देऊ शकतो. चाळिसाव्याच्या जेवणाची यादी करायला बसता, त्याच्या आधी हे काम उरका.

दाखला नसेल तर बँकेतले पैसे अडतात, सातबाऱ्यावर किंवा मिळकतपत्रिकेवर वारसनोंद होत नाही. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात. निराधार विधवेला संजय गांधी योजनेतून महिना १,५०० मिळतात. दोन्हीचे अर्ज तहसीलमध्ये, आणि दोन्हीला पहिला कागद मृत्यूदाखला. कोविडमधल्या ५०,००० रुपयांच्या मदतीच्या वेळी आपण पाहिलंच आहे, कबर डोळ्यासमोर आहे आणि कागदावर माणूस जिवंत.

यात कब्रस्तानच्या विश्वस्तांचं काम आहे. दफन जिथं होतं त्या जागेच्या व्यवस्थापकानंही मृत्यूची वर्दी द्यायची, असं कायद्यातच लिहिलं आहे. कित्येक गावांत कबर खोदणाऱ्याला पैसे दिले की हिशेब संपतो. एक साधी वही ठेवा : नाव, वय, पत्ता, दफनाची तारीख, वर्दी देणाऱ्याचं नाव. घरच्यांना त्याची सही-शिक्क्याची पावती द्या आणि महिन्याची यादी नगरपालिकेत पोचवा. याला वर्गणी लागत नाही, शंभर रुपयांची वही लागते.

राहता राहिले नवे नगरसेवक. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या नगरपालिकांमध्ये जवळपास चार वर्षं प्रशासकाचा कारभार होता. २ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं, काही ठिकाणी २० ला, आणि निकाल २१ ला लागले. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेचं मतदान १५ जानेवारी २०२६ ला झालं. आता वॉर्डात विचारायला माणूस आहे, ही चांगली गोष्ट. पण एक ध्यानात घ्या, नगरसेवकाच्या पत्रानं जन्मतारीख बदलत नाही, नाव बदलत नाही. ते काम निबंधकाचं आणि पुराव्याचं. त्याच्याकडं मागायचं ते वेगळं आहे : जुन्या वह्या बांधून घ्या, त्यांची पानं सुटू लागली आहेत, संगणकावर चढवताना बापाचं आणि आईचं नाव दोन्ही शोधता येईल असं करा, आणि मोहल्ल्यात वर्षातून एकदा कोऱ्या नावांसाठी शिबिर लावा. हे ठरावानं होण्यासारखं आहे. गटार आणि पेव्हिंग ब्लॉकच्या ठरावाइतका खर्चही नाही.

कराडच्या भगिनीचं पुढं असं झालं. त्यांच्या भावानं मिरजेत अर्ज दिला. नोंद निघाली, तारीख बरोबर, आईचं नाव बरोबर. मुलीच्या नावाची जागा कोरी, आणि बापाच्या नावाच्या जागी "राजू". नाव घालायचा अर्ज त्याच दिवशी झाला. राजूच्या दुरुस्तीसाठी निकाहनामा लागतो आणि तो सासूबाईंच्या कपाटात आहे. सासूबाई सध्या धाकट्याकडं विट्याला गेल्या आहेत.

पुढच्या महिन्यात लग्ननोंदणी आणि काझीसाहेबांच्या सहीबद्दल. त्यावर तुमचे प्रश्न असतील तर पत्रात निकाहचं गाव आणि दोघांची राहती गावं जरूर लिहा.